सायबर सुरक्षेचं वार्षिक पॅकेज: सांगलीतल्या एका सीए ऑफिसचा अनुभव

सांगलीतल्या एका सीए फर्मचं ऑफिस मी सांभाळते. म्हणजे हजेरी, बिलं, रिटर्नच्या तारखा, एसीवाल्याशी हुज्जत, आणि गेल्या वर्षापासून कॉम्प्युटरची सुरक्षासुद्धा. दोन पार्टनर, अकरा मशीन, एक सर्व्हर, पाच-सहा आर्टिकल (सीए शिकता शिकता काम करणारी मुलं-मुली), आणि जवळपास प्रत्येकाकडे दोन सिमचा फोन. मागच्या वर्षी कोल्हापूरच्या एका डीलरकडून आम्ही ‘संपूर्ण सुरक्षा’ नावाचं पॅकेज घेतलं. त्यात फायरवॉलचं खोकं (ऑफिस आणि इंटरनेटच्या मध्ये बसणारा पहारेकरी), सगळ्या मशीनवर अँटिव्हायरस, स्टाफच्या मोबाइलची व्यवस्था, बॅकअप आणि महिन्यातून एकदा इंजिनिअरची फेरी. आता नूतनीकरण तोंडावर आलंय आणि ओळखीच्या ऑफिसांमधून ‘घ्यावं का हो?’ असे फोन येतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. डीलरचं आणि खोक्याच्या कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. अशी पॅकेजं विकणारे प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि खोकी थोड्याफार फरकाने सारखीच असतात. खरा फरक पडतो तो कोटेशनच्या शेवटी ‘इन्स्टॉलेशन व सपोर्ट’ अशा एका ओळीत उरकलेल्या कामामुळे.

विकायला आलेल्या माणसाने सुरुवात घाबरवण्यापासून केली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे, असं त्याने दोनदा सांगितलं. आकडा खरा आहे, पण ती कमाल मर्यादा आहे. हळद आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची रिटर्न भरणाऱ्या ऑफिसपुढे ती नाचवण्यात काही अर्थ नव्हता. आमच्या सरांनी त्याला शांतपणे विचारलं, “आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे ते सांगा.” त्याला सांगता आलं नाही. मला आलं असतं. शेकडो लोकांची पॅन आणि आधार कार्डं, बँक स्टेटमेंटं, ताळेबंद, इन्कम टॅक्स आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड, आणि टॅलीचा सगळा डेटा. यातलं विकण्यासारखं बरंच आहे. पण खरी भीती वेगळी आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हे सगळं कुलूपबंद झालं, तर आम्ही मागतील तेवढे पैसे द्यायला तयार होऊ, हे खंडणीवाल्यांना पक्कं माहीत असतं.

आणि हिशेबाचं ऑफिस आडबाजूला असतं, असंही नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचं घातक सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून ते मर्स्क या जहाज कंपनीत शिरलं आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. सुरुवात बघा कुठे होती.

आता खोक्याबद्दल. पहिल्या वर्षीच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच होता. रॅकमध्ये बसतं, दिवे लुकलुकतात, पंखा जरा जास्त आवाज करतो. बाहेरून येणारे नको ते संपर्क अडवणं, स्टाफला घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या सुरक्षित खाजगी वाटेने) जोडणं, आणि दोन इंटरनेट लाइनपैकी एक गेली की दुसरीवर नेणं, ही कामं ते चोख करतं. मात्र ‘प्रत्येक फाइल तपासतं’ या जाहिरातीवर जाऊ नका. आज जवळजवळ सगळ्या वेबसाइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे त्यांची देवाणघेवाण कुलूपबंद असते. त्यातला मजकूर खोक्याला दिसत नाही. बंद पाकिटावरचा पत्ता वाचावा तसं ते फक्त साइटचं नाव वाचतं. आत बघायचं तर प्रत्येक मशीनवर खोक्याचं प्रमाणपत्र बसवावं लागतं, त्यातून बँका आणि सरकारी पोर्टल वगळावी लागतात, आणि खोक्याचा वेगही उतरतो. आमच्या कोटेशनमध्ये हे काम धरलेलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं की बहुतेक छोटी ऑफिसं त्याशिवायच चालवतात.

दुसरी गोष्ट, खोकं म्हणजेसुद्धा एक कॉम्प्युटर आहे आणि त्यालाही भोकं पडतात. एप्रिल २०२० मध्ये सोफोसच्या फायरवॉलमधली चूक वापरून हल्ले झाले. २०२१ मध्ये फोर्टिनेटच्या सुमारे ८७ हजार उपकरणांचे व्हीपीएन पासवर्ड उघड्यावर आले. ज्या चुकीमुळे ते गेले, तिची दुरुस्ती कंपनीने २०१९ मध्येच दिली होती. म्हणजे पॅच बसवायला कुणी गेलंच नव्हतं. तेव्हा डीलरला पहिला प्रश्न हा विचारा की खोक्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, कोण अपडेट करणार, कधी करणार, आणि केल्याचं लेखी देणार का. आमच्याकडे दर महिन्याच्या फेरीत हे होतं आणि व्हिजिट रिपोर्टवर आवृत्ती क्रमांक लिहून मी सही घेते.

पॅकेजचे खरे पैसे वसूल झाले ते इंजिनिअरमुळे. इचलकरंजीचा मुलगा, बोलायला कमी. आला तेव्हा त्याने खोक्याला हातही लावला नाही. एक वही घेऊन ऑफिसभर फिरला आणि प्रत्येक वायर कुठून निघते आणि कुठे जाते ते लिहून काढलं. मामा, म्हणजे आमचे शिपाई, त्याच्यामागे शिडी घेऊन. माळ्यावर सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, होता. कॅमेरेवाल्याने सरांना मोबाइलवर ऑफिस दिसावं म्हणून राउटरमधून थेट इंटरनेटला जोडून दिलेला, पासवर्ड कारखान्यातून आला तोच. याच जातीच्या डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांची फौज करून २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने इंटरनेटचा मोठा भाग लोळवला होता, हे त्याच्याकडूनच ऐकलं. नंतर त्याला सर्व्हरचा ३३८९ नंबरचा पोर्ट बाहेर उघडा दिसला. रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून मशीन चालवण्याचा. धाकटे सर रात्री घरून काम करतात, त्यांच्या सोयीसाठी आधीच्या हार्डवेअरवाल्याने करून दिलेला. रॅन्समवेअरवाल्यांचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांचा, हा अत्यंत आवडता रस्ता आहे, छोट्या ऑफिसांमध्ये तर हमखास. इंजिनिअरने दोन्ही त्याच दिवशी बंद केले. सरांना आता व्हीपीएन लावून, फोनवरच्या ॲपमधला आकडा टाकून आत यावं लागतं. आठवडाभर कुरकुर झाली.

मग त्याने नेटवर्कचे तुकडे केले. सर्व्हर आणि कामाची मशीन एका बाजूला, डीव्हीआर आणि प्रिंटर दुसरीकडे, आणि बाहेर बसलेल्या पक्षकारांसाठी वेगळं वाय-फाय, ज्यातून फक्त इंटरनेट मिळतं आणि ऑफिसचं काहीच दिसत नाही. यासाठी चांगला स्विच लागतो आणि तो कोटेशनमध्ये नव्हता. ही माझी डीलरवरची पहिली तक्रार. जे काम करायचंय हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे, त्याचं सामान मागाहून वाढीव बिलात घालायचं नसतं.

सगळ्यात जास्त बोंब झाली ती ॲडमिनचे अधिकार काढल्यावर. आता कुणीही मशीनवर मनाने सॉफ्टवेअर टाकू शकत नाही. आर्टिकल मुलांना पीडीएफ जोडण्या-तोडण्याची फुकट सॉफ्टवेअर लागतात आणि ती कुठल्या कुठल्या साइटवरून उतरवतात, देव जाणे. एक यादी ठरवली, इंजिनिअरने तेवढी टाकून दिली, बाकी बंद. या एका बदलाला पैसे लागत नाहीत, लायसन्स लागत नाही. माझ्या मते सगळ्या पॅकेजमध्ये याच्याएवढा उपयोग कशाचाच झाला नाही. जुन्या विंडोज १० च्या मशीनचंही त्यानेच वाजवून सांगितलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिचे नेहमीचे अपडेट थांबवले, तेव्हा एकतर मशीन बदला किंवा वाढीव अपडेट विकत घ्या. आम्ही चार बदलली. एकावर फक्त जुना स्कॅनर चालतो, ते इंटरनेटवरून काढलं.

आता मोबाइल. विकणाऱ्या माणसाने यावर ओझरतं एक वाक्य टाकलं होतं. आमच्या कामाचा अर्धा भाग मात्र तिथेच असतो. पक्षकार आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, बँक स्टेटमेंट व्हॉट्सॲपवर, पोर्टलचा ओटीपीसुद्धा व्हॉट्सॲपवर. आणि हे सगळं येतं ते आर्टिकलच्या स्वतःच्या फोनवर, ज्यावर गेमही आहेत आणि मित्रांनी पाठवलेल्या फायलीही.

यावर डीलरने अँड्रॉइडची वर्क प्रोफाइल लावून दिली. ही सोय अँड्रॉइड ५ पासून आहे, पण आमच्याकडे कुणी ऐकलेली नव्हती. एकाच फोनमध्ये ऑफिसचा कप्पा वेगळा होतो. ऑफिसच्या ॲपवर छोटी ब्रीफकेस दिसते. त्या कप्प्यातली फाइल घरच्या कप्प्यात नेता येत नाही, त्यात प्ले स्टोअरबाहेरचं काही बसत नाही, आणि घरच्या बाजूचं ॲप आत डोकावू शकत नाही. मुलींना आधी शंका होती. एकीने स्पष्टच विचारलं, “ताई, सरांना माझे फोटो दिसणार का?” नाही दिसत. इंजिनिअरने कन्सोल, म्हणजे सगळे फोन सांभाळायचा पडदा, उघडून सगळ्यांसमोर दाखवलं की ऑफिसला फक्त ऑफिसचा कप्पा दिसतो आणि पुसता येतो तोही तेवढाच. हे प्रात्यक्षिक झालं नसतं तर निम्म्यांनी लावूनच घेतलं नसतं. संध्याकाळी एका बटणावर ऑफिसची ॲप झोपवता येतात, हे कळल्यावर तर उरलेल्यांनी स्वतःहून मागितलं.

मिरजेहून पुण्याला जाताना रेल्वेत एका आर्टिकलचा फोन गेला तेव्हा याचा उपयोग दिसला. कन्सोलवरून ऑफिसचा कप्पा पुसायचा आदेश दिला. एक लक्षात ठेवा, फोन इंटरनेटला जोडला गेला तरच तो आदेश पोचतो. चोराने आधी सिम काढून फोन बंद करून टाकला तर तो वाट बघत बसतो. म्हणून स्क्रीनलॉकची सक्ती आधीपासून हवी. पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत संचार साथी पोर्टलवर चढवली आणि आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक करून घेतला. ती सोय सरकारची आहे आणि फुकट आहे.

आता या व्यवस्थेतलं भोक सांगते, कारण डीलरने ते सांगितलं नव्हतं. ‘ई-चलान’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर जी एपीके फाइल (अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल) फिरते, ती उघडून परवानग्या दिल्या की ती एसएमएस वाचून ओटीपी दुसरीकडे धाडते. वर्क प्रोफाइलमुळे आमच्या फायली तिच्यापासून लांब राहतात, पण आमच्यासारख्या स्टाफच्या स्वतःच्या फोनवर एसएमएस हा घरच्या बाजूला येतो. म्हणजे ऑफिसच्या बँक खात्याचा किंवा पोर्टलचा ओटीपी स्टाफच्या नंबरवर येत असेल, तर ब्रीफकेसचा काहीही उपयोग नाही. उपाय साधा आहे. ओटीपीची सिम वेगळ्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घातली आणि तो फोन माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. त्यावर एपीके चालतच नाही. आता दिवसातून वीस वेळा “ताई, ओटीपी” अशी हाक ऐकावी लागते, तेवढी किंमत आहे.

मोठ्या सरांनी मात्र त्यांच्या आयफोनवर काहीही लावू दिलं नाही. ऑफिसमधले सगळ्यात नाजूक ईमेल ज्या फोनवर येतात तोच बाहेर राहिला. याला डीलर काय करणार! दोन टप्प्यांचं लॉगिन तेवढं पत्करलं त्यांनी.

अँटिव्हायरसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गुपचूप चालतो, मशीन पूर्वीइतकं जड होत नाही, पेनड्राइव्ह अडवतो, आणि सगळ्या मशीनची स्थिती एका पडद्यावर दिसते. एकदा मात्र ऐन वीस तारखेला, ३बी हे जीएसटीचं रिटर्न भरायच्या दिवशी, त्याच्या नव्या अपडेटने डिजिटल सहीची एमसाइनर ही युटिलिटी संशयित म्हणून बंद पाडली. एकाही मशीनवर सही होईना. डीलरच्या हेल्पलाइनवर जेवणाची सुट्टी. तासाभराने इंजिनिअरने स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला आणि सूट देऊन दिली. त्यानंतर आम्ही ठरवून घेतलं की अपडेट आधी माझ्या एका मशीनवर येणार, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांवर. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले, ते आठवत असेल. सुरक्षेचं सॉफ्टवेअरसुद्धा टप्प्याटप्प्यानेच घ्यावं. हे आम्ही मागितल्यावर मिळालं, आपणहून कुणी देत नाही.

वेबसाइट अडवण्याच्या सोयीची तर गंमतच. पलूसकडची एक वायनरी आमची पक्षकार आहे. तिची साइट ‘मद्य’ या सदरात अडकली आणि ऑडिटला बसलेला मुलगा माझ्याकडे आला की मॅडम, पक्षकाराचीच साइट उघडत नाही. दुसरीकडे क्रिकेटचा स्कोअर मात्र व्यवस्थित दिसत होता.

बॅकअप हा या पॅकेजचा दुसरा भक्कम भाग. रोज रात्री टॅली आणि फायलींची प्रत एका वेगळ्या साठवणपेटीवर जाते, तिथल्या जुन्या प्रती ऑफिसच्या कुठल्याही मशीनवरून पुसता येत नाहीत. हे महत्त्वाचं, कारण विंडोजच्या स्वतःच्या शॅडो कॉपी (त्याच मशीनवर ठेवलेल्या जुन्या प्रती) रॅन्समवेअर आधी पुसून घेतं. शिवाय दोन हार्डडिस्क आलटून पालटून. एक लागलेली, दुसरी सरांच्या घरी. पण मला पटलं ते पुढचं. तिसऱ्या महिन्यात इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, एक पक्षकार निवडा, कुठलाही.” मी मार्केट यार्डातला एक हळदवाला सांगितला. त्याने रिकाम्या मशीनवर त्या पक्षकाराचा दोन महिन्यांपूर्वीचा टॅली डेटा बॅकअपमधून उभा केला आणि ट्रायल बॅलन्स काढून माझ्यासमोर ठेवला. मी छापील प्रतीशी जुळवला, पैशापर्यंत जुळला. दर तिमाहीला हे होतं. तुमचा डीलर हे करून दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर बॅकअप आहे असं धरू नका.

कायद्याचा भाग डीलरने अर्धाच सांभाळला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपावे लागतात. ‘हे मोठ्या कंपन्यांना’ असं विकणारा माणूस म्हणाला होता. हे निर्देश ‘बॉडी कॉर्पोरेट’ला लागू आहेत, आणि आयटी कायद्याच्या कलम ४३अ मधली तिची व्याख्या धाकट्या सरांनी त्याला वाचून दाखवली. त्यात फर्म येते, एकट्याची पेढीसुद्धा येते. आमच्या खोक्यात जेमतेम काही दिवसांच्या नोंदी मावत होत्या. मग त्या साठवणपेटीवर वळवून घेतल्या, जास्तीचे पैसे न देता, पण भांडून. पैशाची फसवणूक झाली तर १९३० ला ताबडतोब फोन करायचा, हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवलंय.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही. सीए ऑफिसांमधला डीएससीचा डबा. पक्षकारांच्या डिजिटल सह्यांची टोकनं एका डब्यात, आणि प्रत्येकावर चिकटपट्टीने पिन. इंजिनिअर तो बघून नुसता हसला. आता पिन काढल्या, डबा तिजोरीत गेला, आणि टोकन काढलं की वहीत सही. जे पक्षकार ऐकतात त्यांना त्यांची टोकनं परत दिली. ऐकत नाहीत ते म्हणतात, “असू द्या ओ तुमच्याकडंच.”

दर महिन्याला येणारा अहवाल सांगायचा राहिला. चाळीसेक पानं, रंगीत वर्तुळं, सगळं इंग्रजी, आणि पहिल्याच पानावर अडवलेल्या हल्ल्यांचा हजारोंचा आकडा. इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्यावर दिवसरात्र चाचपणी चालूच असते, तीही यात मोजतात. मी इंजिनिअरला सांगितलं की मला एकच पान पाहिजे: कोणत्या मशीनचे अपडेट राहिले, कोणाचा फोन कन्सोलमध्ये दिसत नाही, बॅकअप कोणत्या रात्री चुकला. तो आता हाताने लिहून देतो, मराठीत.

नूतनीकरणाचं कोटेशन परवा आलं. खोक्याच्या लायसन्समध्ये वेबसाइट अडवणं, ईमेल तपासणी आणि आणखी दोन सोयी एकत्र बांधून दिल्यात. ईमेल आमचा गुगलकडे आहे, तिथे तपासणी होतेच, म्हणून त्या काढायला सांगितल्या. इंजिनिअरच्या फेऱ्या महिन्याला एकवरून दोन करून मागितल्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जेवणाच्या सुट्टीतही उचलला जाईल असा एक नंबर लेखी मागितला. रक्कम जवळपास तेवढीच राहतेय, जीएसटी वेगळा, त्याचं क्रेडिट मिळतं. डीलर म्हणतो, खोक्याचं मोठं लायसन्स घेतलं तर स्कीममध्ये टॅब फुकट आहे. टॅब नको म्हणून कळवलंय.